रनफ्लॅट उतरवायचे, पण स्टेपनीचं काय?

पत्र: माझ्याकडे 2014 सालची बीएमडब्ल्यू 320डी आहे, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. टायर 225/50 आर17, रनफ्लॅट. चारही आता बदलायला झालेत. रनफ्लॅटचं कोटेशन एका टायरला 23 हजार, त्याच मापाच्या साध्या ट्यूबलेसचं साडेबारा हजार. वडिलांना पाठीचा त्रास आहे, खड्डा आला की ते मागच्या सीटवर कळवळतात. टायरवाला म्हणतो, ‘साहेब, साधे टाका, गाडी लोण्यासारखी चालेल. आत्ता मागचे दोन घ्या, पुढचे दिवाळीत बघू. आणि 50 ऐवजी 55 घेतलेत तर गाडी थोडी उंचही होईल.’ मेकॅनिक म्हणतो, रनफ्लॅट काढले तर सस्पेन्शनची वाट लागेल आणि टायरचा दिवा कायम पेटलेला राहील. गाडीत स्टेपनी नाही, ठेवायला खळगाही नाही. महिन्यातून एकदा आईवडिलांना घेऊन समृद्धीने नागपूरला जातो. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: साधे टायर बसतात. रिम बदलावी लागत नाही, सस्पेन्शनला हात लावावा लागत नाही, आणि ही अदलाबदल जगभर रोज होते. तेव्हा ‘चालेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. रनफ्लॅट टायर तुमच्यासाठी एक काम फुकटात करत होता: पंक्चर झाल्यावर गाडीला गॅरेजपर्यंत नेण्याचं. तो काढला की ते काम तुमच्या गळ्यात येतं. त्यामुळे खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी स्टेपनी, जॅक आणि पाना यांची सोय, मग टायर. तुमच्याच आकड्यांनी एका टायरमागे साडेदहा हजार म्हणजे चारांचे 42 हजार वाचतात. ते सगळे वाचले असं समजू नका, त्यातला एक भाग या सोयीचा आहे.

रनफ्लॅट कडक का लागतो, तेही आधी सांगतो. साध्या टायरची साइडवॉल, म्हणजे कडेची भिंत, पातळ असते. गाडीचं वजन आतली हवा पेलते. रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये आतून जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराची जोड असते. हवा पूर्ण गेली तरी ती भिंत दुमडत नाही आणि गाडी तिच्यावर उभी राहते. या अवस्थेत साधारण 80 च्या वेगाने 80 किलोमीटर जाता येतं, हा सर्वसाधारण मापदंड. गाडी भरलेली असेल, उन्हाळा असेल तर त्याहून कमी धरा. ही भिंत हवा असतानाही तितकीच ताठ असते, म्हणून लहान उंचवटा टायर गिळत नाही, वर पाठवतो. मोठ्या खड्ड्यात तोच धक्का रिमवर जातो. रनफ्लॅटवाल्या गाड्यांच्या अलॉय रिम वाकतात, तडकतात, त्याचं हे एक कारण.

पण यात एक गोष्ट टायरवाला सांगणार नाही. तुम्ही तुलना करताय ती झिजलेल्या, जुन्या रनफ्लॅटची नव्या साध्या टायरशी. रबर वयाने कडक होतं. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतरच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात, ते बघा: 2318 असेल तर 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. तुमचे सहा-सात वर्षांचे निघाले, तर वडिलांना बसणाऱ्या धक्क्यातला काही वाटा वयाचा आहे. नवे रनफ्लॅटही त्यापेक्षा मऊच लागतील. तरी साधे त्याहून मऊ, यात शंका नाही. एका टायरमागे किलो-दोन किलो वजन कमी होतं, तेही सस्पेन्शनला हलकं पडतं.

धक्क्यांचं दुसरं कारण टायरमध्ये नसेलच. दहा-अकरा वर्षांच्या या गाडीत पुढच्या आर्मचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्यांचे रबरी सांधे, फाटलेले असणं नवल नाही. त्यातल्या एका बुशमध्ये तेल भरलेलं असतं. तो फुटला की आर्मवर काळपट ओल दिसते, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि खड्ड्यात ‘ठक्’ असा कोरडा आवाज येतो. शॉकअॅब्सॉर्बर गळत असेल तर त्याच्या अंगावर तेलकट धूळ चिकटलेली असते. टायर घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून हे पंधरा मिनिटांत बघून घ्या. बुश गेले असतील तर ते आधी बदला. नाहीतर नवे टायर आतल्या कडेने झिजतील आणि दोष साध्या टायरवर येईल. मेकॅनिक सस्पेन्शन बिघडण्याबद्दल म्हणतो तेही असंच होतं. सस्पेन्शन आधीपासून खिळखिळं असतं, ताठ टायरमुळे ते झाकलेलं असतं, मऊ टायरवर गाडी झुलायला लागली की लक्षात येतं.

रस्त्याच्या कडेला

साध्या टायरमधली हवा गेली तर फार पुढे जाता येत नाही. पूर्ण बसलेल्या टायरवर किलोमीटरभर गेलात तरी साइडवॉल रिमखाली चिरडून निकामी होते, आणि आणखी पुढे गेलात तर रिमही जाते. म्हणून तीन पर्याय आहेत, आणि आमच्या मते तुम्हाला पहिला आणि तिसरा दोन्ही लागतील.

पहिला, बारीक स्टेपनी. या गाडीला 135/80 आर17 मापाची मिळते. तिचा व्यास साधारण 648 मिलिमीटर भरतो, तुमच्या चाकाचा 657, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आत. घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पाच बोल्टचं वर्तुळ 120 मिलिमीटर, मधलं भोक 72.6, आणि ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड धरणारा भाग) न घासणारी रिम. बोल्टचं वर्तुळ 112 असलेली स्टेपनी नव्या पिढीच्या थ्री सिरीजची. दुकानदार ‘बीएमडब्ल्यूचीच आहे’ म्हणून तीही गळ्यात मारतो. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण बसत नाहीत. घेतलेली स्टेपनी घरी आणून पुढे आणि मागे दोन्हीकडे एकदा लावून बघा.

इथे एक धोका आहे. लोखंडी स्टेपनीचा पत्रा अलॉयपेक्षा पातळ असतो. अलॉयचेच बोल्ट लावले तर ते हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, जास्त आत शिरतात. मागच्या चाकात हँडब्रेकची यंत्रणा हबच्या लगेच मागे असते, आणि लांब बोल्टचं टोक तिला घासू शकतं. बोल्ट आवळल्यावर, चाक अजून हवेत असतानाच, हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. कुठे अडकलं किंवा खरखरलं तर आखूड बोल्टचा संच लागेल, आणि तो स्टेपनीलाच पिशवी बांधून ठेवायचा. बोल्टची आटी 14 बाय 1.25 आहे, हे दुकानात सांगायला विसरू नका.

स्टेपनीसाठी खळगा नसल्याने ती डिकीच्या तळावर आडवी राहील आणि सामानाची बरीच जागा खाईल. त्याला इलाज नाही. पण ती मोकळी ठेवू नका, घट्ट पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर ते जड चाक मागच्या सीटच्या पाठीवर आदळतं, आणि त्या सीटवर तुमचे आईवडील असतात. आणखी एक: स्टेपनी लावल्यावर निघालेलं 225 चं चिखलाने भरलेलं चाक डिकीत जाणार, तेव्हा बॅगा कुठे? एक जुनी जाड चादर आणि मोठी प्लास्टिकची गोणी डिकीत राहू द्या. स्टेपनीत हवा 60 पीएसआय लागते, नेहमीच्या 32-35 नव्हे. दर दोन महिन्यांनी तपासा, कारण गरज पडते तेव्हा स्टेपनीतही हवा नसते, हा सगळीकडचा अनुभव. ती लावल्यावर वेग 80 च्या आत.

दुसरा पर्याय, सीलंटची बाटली. जेमतेम उपयोगाची. तळव्यातल्या चार-पाच मिलिमीटरच्या भोकापुरती ती चालते. साइडवॉल चिरली किंवा टायर रिमवरून सुटला तर ओतलेलं सगळं रस्त्यावर. भरल्यावर लगेच आठ-दहा किलोमीटर हळू चालवून आतला द्रव पसरू द्यायचा, मग दाब पुन्हा मोजायचा. बाटलीवर मुदतीची तारीख असते, साधारण चार-पाच वर्षांची. जुन्या गाडीबरोबर आलेली बाटली बहुतेक वेळा मुदत संपलेलीच असते. शिवाय पंक्चरवाल्याला नंतर टायर आतून धुवावा लागतो, आणि व्हॉल्व्हमध्ये सेन्सर असेल तर तोही चिकटू शकतो.

तिसरा, कंप्रेसर आणि पंक्चरची स्ट्रिप, म्हणजे बाहेरून भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी. आपल्याकडची बहुतेक पंक्चर खिळ्याची, स्क्रूची, हळूहळू हवा जाणारी. त्यात बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर अर्धं काम करतो. खिळा काढायचाच नाही, हवा भरायची आणि पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. कंप्रेसर चालवताना इंजिन चालू ठेवा, आणि तो एका दमात किती मिनिटं चालवायचा ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. सारखा चालवला तर नळीचा सांधा वितळतो. स्ट्रिप स्वतः मारायची असेल तर लक्षात ठेवा, ती तात्पुरती. गावी पोहोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. साइडवॉल किंवा खांद्यावरचं भोक असेल तर पॅचही नाही, टायर बदलायचा.

कायद्याचं म्हणाल तर 2020 च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब कळवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे स्टेपनी घेतली नाही तरी किट डिकीत हवंच. पण समृद्धीवर रात्री अकरा वाजता साइडवॉल फुटली तर नियमाचा कागद घेऊन काय करणार? शिर्डी ते नागपूर हाच टप्पा 520 किलोमीटरचा आहे, वेगमर्यादा 120 आहे, आणि या रस्त्यावर टायर दुरुस्तीचं दुकान नाक्यावर उभं नसतं. रनफ्लॅटने तुम्ही पुढच्या इंटरचेंजपर्यंत बहुतेक वेळा पोहोचाल, हा त्याचा मोठा गुण. पण तिथून मेहकर किंवा कारंजासारख्या गावात उतरलात, तर रनफ्लॅट उतरवायचं मशीन आणि त्या मापाचा बदली टायर तिथे मिळेलच असं नाही. साध्या टायरला त्याच गावातला कुठलाही पंक्चरवाला पॅच मारून देतो. रनफ्लॅट शून्य हवेवर चालवला असेल तर तो दुरुस्त करताही येत नाही, निदान उतरवून आतून नीट बघितल्याशिवाय. साइडवॉलच्या आत रबराची काळी भुकटी किंवा सुरकुती दिसली की तो टायर बाद. बाहेरून तो धडधाकट दिसतो, म्हणून वापरलेले रनफ्लॅट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

दोनच आत्ता, दोन दिवाळीत?

नाही. हे पत्रातलं सगळ्यात वाईट सुचवणं. मागे मऊ आणि पुढे ताठ अशी जोडी केली की वळणात पुढचं चाक लगेच वळतं आणि मागचा भाग क्षणभर उशिरा, डोलत मागून येतो. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते. कसाऱ्याच्या घाटात पावसात अचानक ब्रेक मारला तर हा उशीर गाडी फिरवायला पुरतो. एकाच अॅक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा, हे तर मुळीच नको. आणि मिश्र जोडीत आणखी एक घोळ: हवा गेली की चालक ‘रनफ्लॅट आहे’ म्हणून चालवत राहतो आणि बसलेला नेमका साधा निघतो. पैसे आत्ता चारांचे नसतील तर चारही दिवाळीत बदला, तोवर खोबणीची खोली मोजत राहा. कायद्याने 1.6 मिलिमीटर ही किमान मर्यादा. पावसाळ्यात 3 च्या खाली गेलात की पाणी बाहेर फेकणं कमी होतं, मग थांबू नका.

55 ची गोष्टही सोडून द्या. मापातला हा आकडा म्हणजे साइडवॉलची उंची, टायरच्या रुंदीच्या टक्क्यांत. 225/50 आर17 चा व्यास 656.8 मिलिमीटर. 225/55 आर17 चा 679.3. फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. गाडी अकरा मिलिमीटर उंच होईल, हे खरं. पण काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी आणखी तीन-साडेतीन किलोमीटर जास्त वेगात असेल, गिअरचं गणित बदलेल, आणि पूर्ण वळवलेलं पुढचं चाक आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता राहते. अकरा मिलिमीटरसाठी एवढं नको. वडिलांची पाठ हाच मुद्दा असेल तर 17 वरून 16 इंची चाकावर उतरता येतं: 225/55 आर16 चा व्यास 653.9, म्हणजे मूळ मापाच्या जवळच, आणि साइडवॉल अकरा मिलिमीटर उंच. त्याला मात्र चार रिम लागतात, आणि 16 ची रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवर बसते का हे आधी लावून बघावं लागतं. जुन्या रिमचे पैसे येणार असतील तर विचार करा.

काय बघून घ्यायचं

माप तेच, आणि त्याच्यामागचा आकडा आणि अक्षर जुन्या टायरपेक्षा कमी नको. 94 म्हणजे एका टायरवर 670 किलो, 91 म्हणजे 615. डब्ल्यू म्हणजे ताशी 270, व्ही म्हणजे 240. वेगाचं अक्षर तुम्ही कधी वापरणार नाही हे खरं, पण वजनाचा आकडा वापरता, मागे दोघं आणि डिकीत स्टेपनी. विम्याच्या दाव्यात कुणी बोट दाखवू नये म्हणूनही दोन्ही जपा. टायर बदलल्याचा आणि मापाचा एक ईमेल विमा कंपनीला पाठवून ठेवा, खर्च शून्य.

टायर साधाच आहे ना, हेही बघा. कडेवर आरएफटी, आरओएफ, झेडपी, एसएसआर यातलं काही असेल तर तो रनफ्लॅट, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. आरएससी ही बीएमडब्ल्यूची खूण. मर्सिडीजच्या रनफ्लॅटवर एमओई असतं. नुसता तारा असेल तर तो बीएमडब्ल्यूने मान्य केलेला टायर. तो रनफ्लॅट असेलच असं नाही. साधा टायर ताऱ्याशिवायही चालतो. आयएसआय खूण मात्र हवीच, ती आपल्याकडे सक्तीची आहे. 2020 च्या जूनपासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, तेव्हापासून परदेशी मापांचा तुटवडा पडतो आणि गोदामात पडून राहिलेला माल खपवला जातो. चारही टायरच्या तारखा बिल होण्याआधी वाचा. वर्षभराच्या आतले असावेत आणि चारही जवळपास एकाच तारखेचे.

निवड करताना आमचं मत: दिखाऊ खोबणीपेक्षा ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांना आधी महत्त्व. चार महिने पावसाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कोरड्या ट्रॅकचे टायर लावून काही मिळत नाही.

दुकानात

जुने रनफ्लॅट उतरवणं हे सगळ्यात अवघड काम. साइडवॉल ताठ असल्याने साध्या मशीनवर दोन पट्ट्या घालून उपसावं लागतं, त्यात रिमची कड ओरखडते. हेल्पर आर्म (ताठ टायर दाबून धरणारा जादा हात) असलेलं मशीन ज्या दुकानात असेल तिथेच जा. तुमच्या चाकात सेन्सर असतील तर मशीनचा दाब व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरू करायला सांगा, नाहीतर पहिल्याच फटक्यात सेन्सर मोडतो. टायर निघाल्यावर रिम मोकळी फिरवून बघा. रनफ्लॅटवर चाललेल्या रिमला आतल्या बाजूला बारीक तडे असू शकतात, आणि साधा टायर लावला की त्यातून हवा झिरपते. मग महिनाभर ‘नवा टायरच खराब’ असं चालू राहतं.

या रिमच्या आत, टायरची बीड (रिमला घट्ट बसणारी आतली कड) जिथे बसते तिथे, नेहमीपेक्षा उंच उंचवटा असतो. हवा गेली तरी बीड सुटू नये म्हणून केलेला. साधा टायरही त्यावर बसतो, पण बीड उंचवट्यावरून पलीकडे जाताना जोर लागतो. कारागीर कोरडाच टायर चढवून हवेचा दाब वाढवत नेतो, ते थांबवा. टायर फिटिंगची पेस्ट दोन्ही कडांना लावा, आणि बीड बसवताना जास्तीत जास्त किती दाब द्यायचा ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, तो आकडा ओलांडू देऊ नका. व्हॉल्व्ह नवे घाला, जुने परत लावू देऊ नका. टायरवर आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आली ना, हे चारही चाकांना बघा. एकाला तरी उलट चढवलेलं सापडतं.

बॅलन्सिंग चिकटवायच्या वजनांनी, रिम घासून कोरडी करून. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर चाक किंचित तिरकं बसतं आणि 90-100 ला स्टिअरिंग थरथरतं. बोल्टला ग्रीस नको. आधी हाताने चार-पाच आटे फिरवून, मग चांदणीसारखे आळीपाळीने, शेवटचा ताण गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने: तुमच्या गाडीला 140 न्यूटनमीटर. एअर गनने आवळलेला बोल्ट रस्त्यावर साध्या पान्याने सुटत नाही, स्टेपनी असूनही मग टोचनची गाडी बोलवावी लागते. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क बघा. अलाइनमेंट शेवटी, आणि बुशचं काम आधी झालं असेल तरच.

दिव्याचं गूढ फार मोठं नाही. तुमच्या पडद्यावर टायरचा दाब आकड्यांत दिसतो का? दिसत असेल तर चाकात सेन्सर आहेत. त्यांच्या बॅटरीचं आयुष्य पाच ते दहा वर्षं, म्हणजे टायर उतरवलेच आहेत तर बदलायला हीच वेळ. आकडे दिसत नसतील तर गाडी एबीएसच्या सेन्सरवरून प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय ते तोलते. हवा गेलेलं चाक किंचित लहान होतं, जास्त फेरे घेतं, दिवा लागतो. दोन्ही प्रकारांत नवे टायर लावल्यावर दाब बरोबर भरून, इंजिन चालू करून मेनूमधून रीसेट करायचं आणि काही मिनिटं चालवायचं, एवढंच. फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रणेला चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर कळत नाही, म्हणून गेज हातात हवंच.

आणि हेच गेज आता तुमचं मुख्य साधन. रनफ्लॅट पाच पीएसआय कमी असला तरी काही वाटत नाही. साधा टायर तेवढ्यात खड्ड्यावर रिम आणि दगडामध्ये चिमटतो, आतले दोरे तुटतात आणि साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे, तुमच्या मापाची आणि भरलेल्या गाडीची ओळ वाचा. मऊ हवं म्हणून त्याहून कमी भरू नका. सकाळी थंड टायरवर मोजा. दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणून विदर्भात दुपारी आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडू नका. नायट्रोजनने अपाय नाही, पण तपासणी त्यानेही चुकत नाही.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर नव्या रबराची पकड कमी असते, जपून चालवा. स्टिअरिंग किंचित सैल, वळणात गाडी थोडी जास्त झुकते असं वाटेल. दोन आठवड्यांत हाताला सवय होते.

रनफ्लॅटच ठेवा असं आम्ही कुणाला सांगू? जो माणूस चाक बदलू शकत नाही किंवा बदलायचं नाही असं ठरवून आहे, आणि रात्री एकटा महामार्गावर असतो, त्याला. तुम्ही तसे नसाल तर साधे चार, बारीक स्टेपनी आणि कंप्रेसर. जॅक मात्र या गाडीच्या खालच्या चार ठोकळ्यांत बसेल असाच घ्या, दुसरीकडे टेकवला तर पत्रा दबतो. महामार्गावर थांबावं लागलं तर शोल्डरवर जितकं डावीकडे जाता येईल तितकं जा, हझार्ड लावा, त्रिकोण मागे पन्नास मीटरवर ठेवा, आईवडिलांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा. उजव्या बाजूचं चाक असेल आणि शेजारून ट्रक जात असतील तर बदलूच नका, मदत बोलवा.

शेवटी, चाकाचे बोल्ट बघा. प्रत्येक चाकात एकाचं डोकं वेगळं असेल तर तो लॉक बोल्ट, आणि त्याला गाडीबरोबर आलेलाच सॉकेट लागतो. सेकंडहँड गाड्यांत तो बहुधा आधीच्या मालकाकडे किंवा कुठल्यातरी टायरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये राहिलेला असतो. आज रात्री डिकी रिकामी करून शोधा. मिळाला नाही तर टायर बदलताना ते चारही बोल्ट काढून साधे घालून घ्या.